किटमधून रेझोनेटर गिटार: सगळी खटपट एका शंकूसाठी

रेझोनेटर गिटार घरी जोडायच्या सुट्या भागांच्या किटचं खोकं उघडलं की नजर आधी जाते ती चकचकीत झाकणावर. ते राहू द्या. फोममध्ये गुंडाळलेली, ताटलीएवढी, हातात घेतल्यावर वजनच जाणवू नये अशी अ‍ॅल्युमिनियमची एक वस्तू खोक्यात असेल. ती आधी शोधा आणि कपाटाच्या वरच्या फळीवर, कुणाचा हात पोचणार नाही अशी ठेवून द्या. गिटार वाजणार आहे ती या वस्तूमुळे. लाकूड, नेक (म्हणजे गिटारीची मान), तारा, स्क्रू हे बाकीचं सगळं तिला सपाट बसता यावं आणि तिच्यावर नेमका दाब यावा म्हणून आहे. हे एकदा मनात पक्कं झालं की कुठलं काम जीव ओतून करायचं आणि कुठलं भराभर उरकायचं, ते सांगावं लागत नाही.

या वस्तूला इंग्रजीत म्हणतात तो ‘कोन’. पण मराठीत कोन म्हटलं की दोन रेषांमधला कोन डोळ्यांसमोर येतो, आणि या कामात त्याचीही गरज सतत पडते. म्हणून इथं मी तिला शंकू म्हणणार आहे.

हे वाद्य आलं कुठून

१९२० च्या दशकातली अमेरिका. गिटारीसाठी अ‍ॅम्प्लिफायर अजून आलेले नव्हते, आणि बँडमध्ये ट्रम्पेट, बँजोच्या गलक्यात गिटार कुणाला ऐकूच जायची नाही. लॉस एंजेलिसमध्ये हवाईयन पद्धतीनं गिटार वाजवणारे रंगमंचावरचे कलाकार जॉर्ज बीचम यांना मोठ्या आवाजाची गिटार हवी होती. ती मागणी घेऊन ते मूळच्या स्लोव्हाकियाच्या जॉन डोपेरा या वाद्यनिर्मात्याकडे गेले. डोपेरांनी धातूच्या बॉडीत अ‍ॅल्युमिनियमचे तीन पातळ शंकू बसवले आणि १९२७ मध्ये ‘नॅशनल’ या नावानं ती पहिली रेझोनेटर गिटार बाजारात आली. पुढं दोघांचं बिनसलं. डोपेरा बाहेर पडले आणि भावांना घेऊन त्यांनी एकाच मोठ्या शंकूची ‘डोब्रो’ काढली. डोपेरा ब्रदर्स या नावांचे तुकडे जोडून हा शब्द झाला, शिवाय स्लोव्हाक भाषेत त्याचा अर्थच ‘चांगलं’. बीचम पुढच्या काही वर्षांतच विजेच्या गिटारीकडे वळले. विजेची गिटार आल्यावर मोठ्या आवाजासाठी रेझोनेटरची गरज उरली नाही. पण तोवर तिचा तो धातूचा, थोडा अनुनासिक, लांब घुमणारा नाद टँपा रेड, सन हाउस, बुका व्हाइट यांच्या ब्लूजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतात, भिनला होता. म्हणून ती टिकली.

आपल्याकडे गिटार मांडीवर आडवी घेऊन पोलादी कांबीनं वाजवायची पद्धत व्हॅन शिपले, हजारा सिंग यांच्या वादनामुळे घरोघरी पोचली. पं. ब्रिजभूषण काबरा आणि पं. विश्वमोहन भट यांनी ती रागसंगीतात रुजवली. रेझोनेटर तिची सख्खी बहीण आहे, कारण पहिली रेझोनेटर बनलीच हवाईयन पद्धतीनं वाजवणाऱ्यासाठी.

साध्या गिटारीत तारांची थरथर घोडीवाटे, म्हणजे तारा टेकतात त्या आधारावाटे, लाकडाच्या पुढच्या फळीत जाते आणि फळी वाजते. इथं घोडी फळीवर नसून शंकूवर उभी असते. तार हलली की शंकू लाउडस्पीकरच्या पडद्यासारखा आतबाहेर होतो. म्हणून किटमधली बॉडी प्लायवूडची आहे याचं वाईट वाटून घेऊ नका.

कुठलं किट घ्यायचं

तीन प्रकार आहेत. तीन शंकूंची ट्रायकोन पहिल्यांदा हात घालणाऱ्यानं घेऊ नये, कारण तीन जागी बैठक जमवावी लागते. स्पायडर प्रकारात शंकू वाडग्यासारखा वर तोंड करून बसतो आणि त्याच्यावर कोळ्यासारखी आठ पायांची धातूची घोडी असते. डोब्रोचा आवाज तो हाच, ब्लूग्रास या अमेरिकी संगीतप्रकारात ऐकू येतो तो. तिसरा प्रकार बिस्किटचा: शंकूचं टोक वर आणि त्या टोकावर लाकडाची गोल चकती. या चकतीलाच बिस्किट म्हणतात. तिच्या खाचेत सॅडलची पट्टी उभी असते. ही चकती आणि पट्टी मिळून झाली आपली घोडी. बिस्किटचा शंकू बहुधा ९.५ इंचांचा, स्पायडरचा १०.५ इंचांचा, त्यामुळे एकाचा शंकू दुसऱ्याच्या बॉडीत जात नाही.

पहिल्या वेळी लाकडी बॉडीचं, बिस्किट घोडीचं, गोल नेकचं किट घ्या. बॉडी आधीच जोडलेली, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बसवलेले आणि नेक बोल्टनं लागणारी हवी. चौकोनी नेक फक्त मांडीवर वाजवण्यासाठी असते, तिच्यावर बोटांनी सूर धरता येत नाहीत. किट परदेशातून येणार असेल तर कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरूनच हिशोब करा. आल्या दिवशी शंकूची कड टॉर्च मारून बघा. खोक्यात दबलेला शंकू लगेच परत पाठवता येतो, महिन्याभरानं कुणी ऐकत नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. मिलिमीटरच्या खुणांची पोलादी पट्टी, लांब सरळ पट्टी, बारीक कानशी, स्क्रू ड्रायव्हर, १ ते ३ मिमीचे ड्रिल बिट, १८०, २४० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप, पक्का दोरा आणि एक जाड सपाट काच.

आधी सगळं कोरडं जोडा

सरस, पॉलिश, काही म्हणजे काही लावायच्या आधी गिटार एकदा पूर्ण जोडून बघायची. मला ही शिस्त आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी लावली. मी नेकच्या खोबणीत फेव्हिकॉल ओतायला निघाले होते, तेव्हा ते म्हणाले, “ताई, दार चौकटीत बसतंय का बघितल्याशिवाय बिजागरी ठोकतं का कुणी?”

नेक बोल्टनं लावा. शंकू बैठकीत हलकेच ठेवा, टेलपीस, म्हणजे तारांची मागची टोकं अडकतात तो तुकडा, जागेवर धरा. नेकच्या वरच्या टोकाशी तारांसाठी खाचा असलेली पट्टी असते, ती नट. आता नटच्या दोन्ही कडेच्या खाचांमधून टेलपीसपर्यंत दोरा ताणा. दोन्ही दोरे नेकच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर हवेत आणि बिस्किटचा मध्य दोन दोऱ्यांच्या बरोबर मधोमध यायला हवा. एका बाजूला सरकतोय? बोल्ट ढिले करा, नेक किंचित वळवा, पुन्हा बघा. टेलपीसची भोकं या दोऱ्यावरूनच आखायची. बॉडीच्या शिवणीवर डोळे झाकून विसंबू नका, ती मधोमध असेलच असं नाही.

मग लांबी. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजा. तारेची एकूण लांबी २५ इंच, म्हणजे ६३५ मिमी असेल, तर ते ३१७.५ मिमी भरेल. बाराव्या फ्रेटपासून घोडीपर्यंत तेवढंच अंतर हवं, वर थोडी भर. तार दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो, ती चूक या वाढीव अंतरानं भरून निघते. पातळ तारेला दीड-दोन मिमी, जाड तारेला तीन-चार. म्हणजे घोडीचा मध्य ३२० मिमीच्या आसपास.

साध्या गिटारीत घोडी पुढंमागं सरकवता येते. इथं शंकू बैठकीत अडकलेला, त्यामुळे घोडी जिथं आहे तिथंच राहणार. अंतर कमी पडलं तर नेकच्या टाचेमागं, म्हणजे बॉडीला भिडणाऱ्या टोकामागं, पातळ व्हिनिअरची पट्टी घालून नेक बाहेर आणायची. जास्त भरलं तर टाच तासावी लागते, आणि ते काम पहिल्या खेपेला स्वतः करू नका. जाड तारेकडची थोडी जास्त लांबी मात्र सहज मिळते: शंकूच बिस्किटसकट किंचित फिरवायचा, म्हणजे सॅडल तिरकं होतं.

नेकचा कल

लांब पट्टी नेकच्या लांबीत फ्रेटवर टेकवून घोडीपर्यंत न्या. सॅडलचा माथा पट्टीच्या रेषेपेक्षा साधारण ४ ते ५ मिमी वर असायला हवा. तेवढ्यानं बाराव्या फ्रेटपाशी तारेची उंची अडीच मिमीच्या आसपास येते, बोटांनाही चालते आणि काचेच्या नळीनं सरकवून वाजवायलाही.

पट्टी सॅडलच्या माथ्यालाच लागत असेल किंवा त्याच्याही वर जात असेल, तर टाचेच्या तळाशी, गिटारीच्या पाठीकडच्या बाजूला, पातळ पाचर घाला. पट्टी फार खाली जात असेल तर पाचर वरच्या बाजूला, पुढच्या फळीजवळ. पाचर किती जाड? टाच ९० मिमी खोल असेल आणि नेक बाराव्या फ्रेटपाशी बॉडीला मिळत असेल, तर अर्ध्या मिमीच्या पाचरीनं घोडीपाशी पावणेदोन मिमीचा फरक पडतो. म्हणून पाचर कागदाएवढी पातळ घेऊन सुरुवात करा. सॅडल तासून काम भागेल म्हणून नेकचा कल तसाच सोडायचा मोह होतो, पण सॅडल फार बुटकं झालं तर तारा झाकणाला घासतात आणि शंकूवर दाबच येत नाही.

शंकूची बैठक

या कामाला एक अख्खी दुपार द्या.

बॉडीच्या गोल भोकाच्या आत लाकडाची एक अरुंद पायरी असते. शंकूची कड तिच्यावर टेकते. सरस नाही, स्क्रू नाही, तारांच्या दाबानंच तो जागेवर राहतो. म्हणजे कड आणि पायरी सगळीकडून एकमेकींना भिडल्या तरच आवाज खणखणीत येणार. एके ठिकाणी केसाएवढी फट राहिली की काही ठरावीक सुरांवर खरखर सुरू होते, आणि ती कुठून येतेय ते कानाला कळत नाही.

आधी शंकू सपाट काचेवर ठेवा आणि कडेला बोटानं हलकेच टेकवत सगळीकडून फिरा. कुठं डुगडुगला तर ती जागा लक्षात ठेवा. अंगठे लावून दाबू नका. हा पत्रा इतका पातळ आहे की बोटाच्या दाबानं खड्डा पडतो आणि तो खड्डा पुन्हा निघत नाही. किंचितशी वाकलेली कड काचेवर ठेवून बोटाच्या पोटानं हळूहळू सरळ होते, त्याहून जास्त असेल तर शंकू बदलून घ्या.

मग पायरी. मऊ पेन्सिलनं सगळ्या पायरीवर रेघा मारा, शंकू ठेवा आणि दोन्ही हातांच्या बोटांनी कडेला धरून थोडासा पुढंमागं फिरवा. उचलून बघा. जिथं पेन्सिल पुसली गेली तिथं पायरी उंच आहे. सपाट लाकडाच्या ठोकळ्याला ३२० चा पेपर चिकटवून तेवढीच जागा दोन-तीन हात घासा, पुन्हा रेघा, पुन्हा शंकू. माझ्या बॉडीत दोन ठिकाणी प्लायच्या जोडावरचा सरस फुगला होता. आठ-नऊ वेळा हे केलं तेव्हा कुठं सगळीकडं सारखी पुसट रेघ आली. शेवटी शंकू ठेवून त्याच्या टोकावर पेन्सिलीच्या रबराकडच्या बाजूनं टिचकी द्या. नीट बसलेला शंकू एकच स्वच्छ आवाज देतो. न बसलेला थडथडतो.

पॉलिश

आवाजाशी याचा संबंध थोडा, म्हणून थोडक्यात. १८०, मग २४०, मग ३२० चा पेपर, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. स्पिरिटमधलं लाखेचं पॉलिश मऊ कापडाच्या बोळ्यानं पातळ हातांनी लावा. घरात करायला हेच सोपं आणि पुढं खरवडलं तरी दुरुस्त होतं. पावसाळ्यात लॅकर फवारू नका. हवेतला ओलावा धरून ते पांढरट पडतं. फ्रेटबोर्ड, नेकची खोबण आणि शंकूची पायरी यांना आधी मास्किंग टेप लावा.

पायरीवरची टेप मी एके ठिकाणी अपुरी लावली होती. तिळाएवढा पॉलिशचा थेंब तिथं ओघळून वाळला. त्या एका तिळानं मला तीन आठवडे छळलं. चौथ्या तारेवर पाचव्या फ्रेटपाशी गिटार कुरकुरायची आणि मी नट, फ्रेट, खुंट्या सगळं तपासत बसायची. शेवटी टॉर्च आडवा धरून पायरी बघितली तेव्हा तो थेंब चमकला.

घोडी

बिस्किट शंकूच्या टोकाला आतून एका स्क्रूनं धरलेलं असतं. स्क्रूचं डोकं टेकलं की पाव फेरा आणखी, बस. जोरात पिळलात तर शंकूचं टोक चुरगळतं.

सॅडलच्या खाचा हा खरा नाजूक भाग. मी सांगलीत राहते, तेव्हा माझं सॅडल घेऊन मिरजेला एका सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांकडे गेले. रेझोनेटर त्यांनी कधी हातात धरली नव्हती. त्यांनी सॅडल उजेडाकडे धरलं, खाचेत तारेचा तुकडा घातला आणि म्हणाले, “तार खाचेत झोपलीय. आम्हाला तशीच लागते, तुम्हाला नको.” तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित फुगीर असते, तार तिच्यावर घासत घासत सुटते आणि त्यातून जवारी, म्हणजे तो झणझणीत घुमणारा नाद, निघते. इथं उलटं करायचं. तार नेकच्या बाजूच्या कडेलाच एका बिंदूवर टेकली पाहिजे आणि मागं टेलपीसकडे उतरत गेली पाहिजे. त्यांनी बारीक कानशीनं प्रत्येक खाचेला मागच्या बाजूनं उतार दिला, दोन-दोन घासे, जास्त नाही. खाच तारेच्या अर्ध्या जाडीएवढी खोल पुरते. गिटारीचा आवाज त्या दिवशी मोकळा झाला.

सॅडलची उंची हळूहळू उतरवा. सॅडल एक मिमीनं उतरवलं की बाराव्या फ्रेटपाशी तार अर्ध्या मिमीनं उतरते. घोडीवरून टेलपीसकडे जाताना तार स्पष्ट दिसेल इतकी खाली वाकायला हवी, कारण त्या वाकण्यातूनच शंकूवर दाब येतो. फार वाकली तर शंकू दबून आवाज घुसमटतो आणि कधी शंकू बसूनही जातो. फार कमी वाकली तर आवाज पातळ, वर खरखर.

झाकण आणि तारा

झाकणाचे स्क्रू बारीक आणि ठिसूळ असतात. झाकण ठेवून, सॅडल फटीच्या मधोमध येतंय आणि फटीच्या कडांना कुठंच शिवत नाही हे बघून खुणा करा. स्क्रूपेक्षा थोड्या बारीक बिटानं भोकं पाडा, पण त्याआधी शंकू बाहेर काढून ठेवा, नाहीतर भुसा बैठकीत जातो. स्क्रूला मेणबत्तीचं मेण लावा आणि समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीनं आवळा. झाकणावरची आडवी पट्टी हाताच्या टेकूसाठी असते. तळहात तिच्यावर ठेवायचा, घोडीवर कधीच नाही.

तारा ०.०१२ ते ०.०५३ इंचांच्या साध्या अकूस्टिकच्या चालतील. टेलपीस झाकणाला शिवत असेल तर मध्ये फेल्टचा तुकडा घाला. सहाही तारा आधी अर्ध्या ताणावर आणा, मग पाळीपाळीनं वर चढवा. एकच तार पूर्ण ताणली तर शंकू एका बाजूला कलतो. पहिल्यांदा ओपन जी मध्ये, म्हणजे मोकळ्या तारांतूनच जी मेजर वाजेल अशा जुळणीत, लावा: डी जी डी जी बी डी. जी ला सा मानलं तर जाड तारेपासून प सा प सा ग प. नेहमीच्या सुरावटीपेक्षा यात तीन तारा उतरतात, म्हणून नव्या शंकूवर ताणही कमी येतो. मांडीवर वाजवायची चौकोनी नेकची असेल तर सा ग प सा ग प, पण तिला तारा वेगळ्या आणि जाड लागतात.

पहिली रात्र ती सुरात लावून नुसती ठेवून द्या. सकाळी उतरलेली असेल, कारण शंकू तारांखाली आपली जागा घेत असतो. चार-पाच दिवस रोज थोडं वाजवा, रोज लावा. आवाज मोकळा होत गेलेला तुम्हालाच ऐकू येईल.

खरखर आली तर

लगेच गिटार उघडायची नाही. आधी बाहेरून: झाकणाचे स्क्रू, बॉडीच्या वरच्या भागातल्या दोन जाळ्या, खुंट्यांच्या बोल्टवरचे नट, टेलपीस. खरखरणारा सूर वाजवत ठेवून दुसऱ्याला एकेका जागी बोट दाबायला सांगा. जिथं बोट ठेवल्यावर आवाज थांबतो, तिथंच दोष. मोकळी तार खरखरत असेल आणि दाबल्यावर थांबत असेल, तर नटची खाच खोल झाली आहे. एकाच फ्रेटपाशी येत असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच आहे. तीन फ्रेट झाकले जातील अशी छोटी सरळ पट्टी ठेवा, उंच फ्रेटवर ती डुगडुगते. यातलं काहीच नसेल तरच तारा ढिल्या करून झाकण काढा आणि बिस्किटचा स्क्रू, मग बैठक बघा.

पुढं तारा बदलताना सहाही एकदम काढू नका. एक काढा, तिच्या जागी नवी लावून सुरात आणा, मग दुसरी. सगळ्या एकदम सुटल्या की शंकूवरचा दाब जातो, तो बैठकीत सरकतो, आणि झाकणाआड ते दिसत नाही. कधी सगळ्या काढाव्याच लागल्या तर आधी बिस्किट आणि झाकणावर एका रेषेत पेन्सिलची खूण करून ठेवा, म्हणजे शंकू किती तिरका फिरवला होता ते परत जुळवता येतं.